अभंग पिशवी : पित्ताशयाच्या कर्करोगात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे स्थान

१

पोटाच्या उजव्या कुशीत, यकृताच्या खालच्या अंगाला बिलगून बसलेली, लांबीने ७ ते १० सेंटीमीटर आणि एरवी ३० ते ५० मिलिलिटर पित्त सामावून घेणारी एक लहानशी पिशवी, जिच्यावाचून मनुष्य सुखाने जगू शकतो आणि जिच्या अस्तित्वाची जाणीवही बहुतेकांना खडे झाल्यावाचून होत नाही, तीच जेव्हा कर्करोगाचे ठिकाण बनते तेव्हा शल्यशास्त्रातील अत्यंत बिकट प्रश्नांपैकी एक उभा राहतो. पिशवी लहान असली तरी तिचा शेजार मोठा आहे. वर यकृत, आतल्या बाजूस पित्तनलिका आणि यकृताला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या, खाली लहान आतड्याचा आरंभ, मागे स्वादुपिंडाचे मस्तक. यांपैकी कोणाच्याही हद्दीत रोगाने पाऊल टाकले की शस्त्रवैद्याचे काम शतगुणित होते.

२०२० साली जगभर या रोगाचे सुमारे १ लाख १६ हजार नवे रुग्ण झाले असावेत आणि सुमारे ८५ हजार रुग्ण त्याने दगावले असावेत, असा अंदाज आहे. या दोन आकड्यांतील अंतर इतके थोडे आहे की रोगाची उग्रता सांगण्यास निराळ्या विशेषणाची गरज उरत नाही. रोगाचा भूगोलही विलक्षण आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली आणि बोलिव्हिया, पूर्वेकडे जपान व कोरिया, आणि आपल्या देशात दिल्लीपासून बिहार, बंगाल, आसामपर्यंतचा उत्तरेचा पट्टा हे त्याचे बालेकिल्ले आहेत. दक्षिण भारतात तो विरळ आहे, आणि बहुतेक ठिकाणी पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो अधिक ग्रासतो. महाराष्ट्रात त्याचे प्रमाण उत्तरेच्या मानाने कमी असले तरी उत्तर प्रदेश आणि बिहारमधून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांमुळे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयास त्याचा परिचय जवळचा आहे. पित्ताशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे आनुवंशिक भेद शोधणाऱ्या अभ्यासात त्या संस्थेचा वाटा मोठा होता आणि तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र रोग नव्हे, त्यावरील एक हत्यार आहे. पित्ताशयात खडे झाले म्हणजे ‘पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढायची’ हे आता तालुक्याच्या गावीही सर्वांना ठाऊक झाले आहे. दोन दिवसांत रुग्ण घरी जातो आणि चार छिद्रांच्या खुणा वर्षभरात पुसटही होतात. परंतु त्याच पिशवीत कर्करोगाचा संशय असेल तर दुर्बीण वर्ज्य, असा दंडक शल्यविशारदांनी जवळजवळ पाव शतक पाळला, आणि गेल्या दहापंधरा वर्षांत त्या दंडकाची फेरतपासणी सुरू झाली आहे. ही बंदी कशातून जन्मली, तिच्यात तथ्य किती होते, कोणत्या मर्यादेत ती उठवावी आणि कोठे कायम ठेवावी, याची शहानिशा येथे करावयाची आहे. सर्व पुरावा पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की वादाचे खरे मूळ छेद केवढा या प्रश्नात नसून, छेद घेण्यापूर्वी मनात संशय जागा होता की नाही आणि ती पिशवी शरीराबाहेर येईपर्यंत अभंग राहिली की नाही, या दोन प्रश्नांत आहे.

२

हे म्हणणे समजण्यासाठी पित्ताशयाच्या भिंतीकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. आतड्याच्या भिंतीत आतले अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये एक भक्कम थर असतो. पित्ताशयात तो थर नाही. अस्तराखाली थोडी सैल ऊती, तिच्याखाली स्नायूंचा विरळ पडदा, त्याबाहेर संयोजी ऊतीचा पातळ थर, एवढाच काय तो बंदोबस्त. त्यातही पोटाच्या पोकळीकडील बाजूस उदरावरणाचे गुळगुळीत आच्छादन असते, पण यकृताकडील बाजूस तेही नसते. तेथे पित्ताशय आणि यकृत यांच्यामध्ये केवळ एक तलम तंतुमय पत्रा असतो आणि पित्ताशयाच्या बारीक शिरा तो ओलांडून थेट यकृतात उतरतात. रोगाच्या पायऱ्या याच थरांवरून ठरवल्या आहेत. रोग अस्तराखालच्या सैल ऊतीपर्यंतच असेल तर पहिल्या पायरीचा पूर्वार्ध, स्नायूत शिरला तर उत्तरार्ध, स्नायू ओलांडून संयोजी थरात पोहोचला तर दुसरी पायरी, आणि बाहेरचे आच्छादन भेदले किंवा यकृत अथवा शेजारच्या एखाद्या अवयवात घुसला तर तिसरी.

खड्यांसाठी पित्ताशय काढताना शस्त्रवैद्य पित्ताशय आणि त्या तंतुमय पत्र्यामधली वाट धरतो, कारण तेथे रक्तस्राव कमी होतो आणि पिशवी सुटसुटीत मोकळी होते. दुसऱ्या पायरीच्या कर्करोगात रोग याच वाटेवर पसरलेला असतो. खड्यांच्या शस्त्रक्रियेत जी वाट उत्तम, ती कर्करोगात रोगाच्या मधून जाणारी वाट ठरते, मग ती दुर्बिणीतून धरलेली असो वा मोठ्या छेदातून. जपान, चिली, इटली आणि अमेरिका येथील काही केंद्रांनी एकत्र येऊन ४३७ रुग्णांचा जो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला, त्यात दुसऱ्या पायरीचा रोग यकृताकडील बाजूस असलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के, तर पोकळीकडील बाजूस असलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. एकाच पायरीवरच्या रुग्णांत केवळ रोगाच्या दिशेने पडलेले हे अंतर पाहूनच पुढे पायऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत या दोन बाजू वेगळ्या नोंदण्यात आल्या.

दुसरी गोष्ट लसिका ग्रंथींची. पित्ताशयाच्या मानेशी असलेल्या ग्रंथीपासून रोग पित्तनलिकेच्या कडेने स्वादुपिंडाच्या मस्तकामागे आणि तेथून महारोहिणी व अधोमहाशिरा यांच्यामधील ग्रंथींपर्यंत जातो. पहिल्या पायरीच्या पूर्वार्धात ग्रंथी बहुधा निर्मळ असतात, आणि म्हणून तेथे केवळ पिशवी काढल्याने रुग्ण बरा होतो. दुसऱ्या पायरीवर मात्र तीनांतील एकाच्या किंवा त्याहून अधिकांच्या ग्रंथींत रोग सापडतो. सबब, दुसऱ्या पायरीपासून पुढे, आणि बहुतेकांच्या मते पहिल्या पायरीच्या उत्तरार्धातही, पित्ताशयासह त्यालगतच्या यकृताचा काही भाग आणि या ग्रंथी एकत्र काढणे आवश्यक ठरते. रोग कोठवर गेला याची रुजुवात व्हावी म्हणून किमान ६ ग्रंथी तपासल्या जाव्यात, अशी आजची अपेक्षा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या कर्करोगाच्या पेशी पित्तात तरंगत असतात आणि पित्त सांडले तर त्या जेथे पडतात तेथे रुजण्याची ताकद बाळगतात. पोटातील फार थोडे कर्करोग इतक्या सहजपणे पेरले जातात.

३

पित्ताशयाच्या कर्करोगाचे पहिले वर्णन व्हिएन्नाच्या माक्सिमिलियान श्टोल यांनी १७७७ साली शवविच्छेदनाच्या आधारे केले. पित्ताशय यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ च्या जुलैत केली. या दोन घटनांमध्ये शतकभराचे अंतर आहे, आणि तरीही कर्करोगाच्या रुग्णास त्या शस्त्रक्रियेचा लाभ होण्यास आणखी बराच काळ जावा लागला. पुढे हृदयशस्त्रक्रियेत कीर्ती मिळवलेल्या आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी १९२४ साली असे मत दिले होते की, पित्ताशयाच्या कर्करोगाचे निदान आधीच झाले तर शस्त्रक्रिया करूच नये. त्या काळच्या अनुभवात या मताला आधार होता, आणि म्हणूनच १९५४ साली ग्लेन आणि हेज या दोघांनी पिशवीसह यकृताची पट्टी आणि ग्रंथी काढण्याची व्यापक शस्त्रक्रिया मांडली, त्या गोष्टीचे मोल अधिक आहे. दुर्बीण यायच्या आधीच या रोगाने शल्यविद्येला निराशा आणि आशा या दोन्ही टोकांना नेऊन आणले होते.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा पहिला मान जर्मनीतील ब्योब्लिंगेन गावच्या एरिख म्यूहे यांचा. १२ सप्टेंबर १९८५ रोजी त्यांनी ही शस्त्रक्रिया केली आणि पुढच्या वर्षी आपल्या देशाच्या शल्यपरिषदेपुढे ती मांडली, तेव्हा स्वागत झाले नाही, अव्हेरच वाट्यास आला. १९८७ साली लिओं येथे फिलिप मूरे यांनी आणि त्यानंतर पॅरिस व बोर्दो येथील शल्यविशारदांनी ही पद्धत पुढे नेली, आणि मग अवघ्या काही वर्षांत तिने जग व्यापले. आपल्या देशात हे श्रेय मुंबईच्या डॉ. तेहेमतन उडवाडिया यांचे आहे. १९७२ पासून जे. जे. रुग्णालयात पोटात दुर्बीण घालून निदान करण्याचा परिपाठ त्यांनी सुरू केला, १९९० साली देशातील पहिले पित्ताशय दुर्बिणीतून काढले, आणि विकसनशील देशातील गरीब रुग्णालाही ही पद्धत परवडली पाहिजे हा आग्रह जन्मभर धरला.

पण ज्या वर्षांत या पद्धतीचा विजय झाला त्याच वर्षांत एक भयप्रद बातमी वैद्यकीय नियतकालिकांतून येऊ लागली. खडे म्हणून दुर्बिणीतून काढलेल्या पित्ताशयात नंतर कर्करोग सापडला होता, आणि काही महिन्यांनी रुग्ण परत आला तो बेंबीपाशी, नेमक्या छिद्राच्या जागी, टणक गाठ घेऊन. बहुधा ज्या छिद्रातून पिशवी ओढून काढली होती तेच छिद्र. क्वचित असेही, की जेथून केवळ एखादे हत्यार आतबाहेर झाले होते. पोट फुगवण्यासाठी भरलेला कार्बन डायऑक्साइड वायू सुटा झालेल्या पेशींना वाहून नेतो काय, छिद्राच्या कडेने वायू निसटताना त्या पेशी तेथे अडकतात काय, पित्ताने माखलेली हत्यारे पुनःपुन्हा आतबाहेर केल्याने पेरणी होते काय, की अरुंद छिद्रातून फाटकी पिशवी ओढणे हेच मूळ पाप, यांविषयी प्रयोगशाळांतून पुष्कळ खटपट झाली. २००० सालापूर्वीचे अहवाल एकत्र मांडून पाहता, अनपेक्षितपणे सापडलेल्या कर्करोगाच्या शेकडा १८ ते १९ रुग्णांच्या छिद्रांत रोग उगवल्याचे दिसले. नंतरच्या काळातील अहवालांत हे प्रमाण शेकडा १० च्या आसपास उतरले आहे.

या उताराचा अर्थ नीट लावला पाहिजे. मधल्या काळात वायू बदलला नाही, छिद्रेही तीच राहिली. वाढली ती सावधगिरी. पिशवी फाटू न देणे, आणि बाहेर काढताना ती आधी प्लास्टिकच्या थैलीत बंद करणे, हे दोन शिरस्ते या काळात दृढ झाले. मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेनंतरही जखमेत हा रोग उगवल्याची उदाहरणे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे दोष कोणाच्या पदरी किती याचा निवाडा अधिक न्याय्य होतो. फुटलेली पिशवी छेदाच्या लांबीने निर्दोष होत नाही. छिद्रांत रोग उगवणे हे बहुतेकदा पोटातही तो पसरल्याचे चिन्ह असते, आणि म्हणूनच दुसऱ्या शस्त्रक्रियेत जुनी छिद्रे कापून काढण्याची जी रीत एके काळी पडली होती, तिने आयुष्य वाढत नाही असे न्यूयॉर्क आणि फ्रान्समधील अभ्यासांत दिसल्यावर ती रीत मागे पडली.

४

आता त्या जागी जाऊ, जेथे या रोगाची व दुर्बिणीची गाठ बहुधा कोणाच्या ध्यानीमनी नसताना पडते. शस्त्रक्रियेच्या खोलीचे दार किलकिले होते, हिरव्या पोशाखातील परिचारिका स्टीलच्या तबकात ओली, पिवळट-हिरवी पिशवी घेऊन बाहेर येते आणि बाकावर ताटकळलेले नातेवाईक उठून भोवती गोळा होतात. कात्रीने पिशवीला चीर देऊन आतले खडे दाखवले जातात, कोणी ते मोजतो, कोणी मोबाईलवर छायाचित्र घेतो. खडे धुऊन एका लहान डबीत घालून घरी दिले जातात, आणि ‘एवढे होते बरं का’ असे म्हणत पुढे कित्येक महिने ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले जातात. या दृश्यात नातेवाइकांचे काही चुकत नाही. त्यांना पुरावा हवा असतो आणि तो मिळतो. परंतु खरा पुरावा खड्यांत नसतो, तो पिशवीच्या भिंतीत असतो. चीर दिल्यावर खडे मोजण्याऐवजी अस्तरावरून एकदा बोट फिरवून कोठे जाडी, खडबडीतपणा वा उंचवटा लागतो का हे पाहणे, आणि मग ती पिशवी फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवणे, हा साधा विधी ज्या दिवशी चुकतो, त्या दिवशी खड्यांची डबी घरी जाते आणि रोगाचा दाखला कचऱ्यात जातो.

हे मी तळमळीने लिहितो, कारण खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयांपैकी सुमारे शेकडा अर्धा ते एक इतक्यांत, आणि रोगाचे प्रमाण जास्त असलेल्या प्रदेशांत त्याहूनही अधिकांत, कर्करोग दडलेला सापडतो. नेदरलँड्ससारख्या देशांत, जेथे हा रोग दुर्मीळ आहे, डोळ्यांना संशयास्पद वाटणारीच पित्ताशये तपासावीत असा विचार होऊ लागला आहे, आणि तेथील परिस्थितीत तो विचार समजण्याजोगा आहे. परंतु आपल्या देशात त्याचे अनुकरण करणे धोक्याचे होईल. पेशींच्या तपासणीचा खर्च शस्त्रक्रियेच्या एकूण खर्चाच्या मानाने अल्प असतो. तो वाचवल्याने जे गमावले जाते त्याचा ताळेबंद मांडता येत नाही. तपासणी झाली तरी तिचा अहवाल आणण्यास कोणी येत नाही, पंधरा दिवसांनी टाके कोरडे झालेले पाहून रुग्ण समाधानाने परततो आणि कागद दप्तरात पडून राहतो, असेही घडते. तेव्हा अहवाल रुग्णाच्या हाती पडून त्याला समजावून सांगितला जाईपर्यंत शस्त्रक्रिया संपली असे मानू नये, हा नियम प्रत्येक शस्त्रवैद्याने स्वतःस घालून घेण्यासारखा आहे.

अहवालात कर्करोग आला तर पुढे काय? रोग पहिल्या पायरीच्या पूर्वार्धात असेल, पिशवी अभंग निघाली असेल आणि तिच्या नळीचे तोंड निर्मळ असेल, तर बहुधा आणखी काही करावे लागत नाही. येथे दुर्बिणीने केलेले काम पूर्ण ठरते. रोग त्यापुढे गेला असेल तर दुसरी शस्त्रक्रिया हवी, कारण पहिल्या वेळी मागे राहिलेला रोग यकृताच्या खाचेत वा ग्रंथींत सापडण्याचा संभव दुसऱ्या पायरीवर निम्म्यापर्यंत जातो. ही दुसरी शस्त्रक्रिया कधी करावी याविषयी अमेरिकेतील अनेक केंद्रांचा २०१७ सालचा एक अभ्यास सांगतो की पहिलीनंतर ४ ते ८ आठवड्यांचा काळ सर्वांत अनुकूल. त्याहून लवकर सूज उतरलेली नसते आणि रोगाचा स्वभाव उघड झालेला नसतो. त्याहून उशिरा रोगाला पसरण्यास फुरसत मिळते. पहिल्या शस्त्रवैद्याने पिशवी फाटली होती काय, पित्त सांडले होते काय, थैली वापरली होती काय आणि पिशवी कोणत्या छिद्रातून काढली, एवढा मजकूर आपल्या टिपणात प्रामाणिकपणे नोंदवलेला असेल, तर दुसऱ्याचे काम निम्मे सोपे होते.

५

दुर्बिणीचे दुसरे काम टेहळणीचे, आणि त्याविषयी आज फारसा वाद उरलेला नाही. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन कितीही बारकाईने केले तरी यकृताच्या पृष्ठभागावरील किंवा उदरावरणावरील, खसखशीच्या दाण्याएवढे पांढुरके ठिपके त्यांत हमखास दिसतातच असे नाही. बेंबीपाशी सेंटीमीटरभर छेद घेऊन दुर्बीण आत सोडली, पोट हलकेच फुगवले आणि पडद्यावर यकृताची तांबूस-तपकिरी कडा, पिवळ्या चरबीची झालर आणि तिच्यापलीकडे पोटाच्या भिंतीचे चकचकीत अस्तर दिसू लागले, की अनुभवी डोळा त्या अस्तरावर सावकाश फिरतो. आणि एखाद्या कोपऱ्यात, पडद्याच्या उजेडात चमकणारे ते दाणे दिसताच खोलीतील बोलणे थांबते. तेवढ्यातलाच एक चिमूटभर तुकडा तपासणीस घेऊन पोट बंद केले जाते, आणि रुग्णाला मोठा छेद, दहा दिवसांची रुग्णालयाची वस्ती आणि निरर्थक वेदना यांतून वाचवले जाते.

दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील शल्यविशारदांनी ४०९ रुग्णांवर केलेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयातील आधारभूत दस्तऐवज आहे. स्कॅनवरून शस्त्रक्रियेस योग्य वाटलेल्या या रुग्णांपैकी शेकडा २३ जणांच्या पोटात टेहळणीतच रोग पसरलेला आढळला. म्हणजे जवळजवळ चारांतील एकाचे पोट विनाकारण उघडण्याचे टळले. आधी खडे म्हणून पिशवी निघाली आणि मग रोग कळला अशा रुग्णांत टेहळणीचे हे पीक कमी येते, तरीही रोग तिसऱ्या पायरीवर असेल किंवा पित्त सांडल्याची नोंद असेल तेव्हा ती करणे शहाणपणाचे. अर्थात दुर्बिणीलाही सर्व दिसते असे नाही. महारोहिणीशेजारच्या खोल ग्रंथी तिच्या नजरेआड राहतात, आणि म्हणून शस्त्रक्रियेच्या प्रारंभीच तेथील ग्रंथी काढून, जागच्या जागी गोठवून तपासण्याची पद्धत कित्येक केंद्रांनी स्वीकारली आहे. त्या ग्रंथींत रोग सापडला तर व्यापक शस्त्रक्रियेने रुग्णाचे हित होत नाही.

६

आता आपण मुख्य वादाकडे येतो. कर्करोग आहे हे आधीच ठाऊक असताना, किंवा तसा दाट संशय असताना, पित्ताशय, यकृताचा भाग आणि ग्रंथी हे सर्व दुर्बिणीतून काढावे काय? जपानमधील मार्गदर्शक तत्त्वांनी संशयित रुग्णांत मोठ्या छेदाचाच दीर्घकाळ पुरस्कार केला, आणि ती सावधगिरी वर सांगितलेल्या अनुभवातून आली होती. पण एकीकडे यकृताच्या शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करण्याचे कौशल्य वाढत गेले; त्याविषयी अमेरिकेत लुइव्हिल येथे २००८ साली आणि जपानमध्ये मोरिओका येथे २०१४ साली तज्ज्ञांच्या परिषदा भरल्या. दुसरीकडे कोरियातील सोलजवळच्या बुंदांग रुग्णालयाने निवडक, लवकर सापडलेल्या रुग्णांवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून, त्यांचा वर्षानुवर्षे मागोवा ठेवून, २०१५ साली दहा वर्षांचा अनुभव मांडला आणि त्यात जगण्याचे प्रमाण फार चांगले दिसले. आपल्या देशातून दिल्लीचे पंत रुग्णालय आणि कोइंबतूर येथील केंद्र यांनी दुर्बिणीतून, तर टाटा स्मारक रुग्णालयाने रोबोटच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियांचे अहवाल दिले. २०१६ साली सोलमध्ये या विषयातील तज्ज्ञ एकत्र बसले, आणि त्यांच्या एकमताचे सार असे की, निवडक रुग्णांत व अनुभवी हातांनी केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया आता निषिद्ध मानण्याचे कारण उरलेले नाही.

या सर्व अहवालांत समान दिसणाऱ्या गोष्टी अशा: दुर्बिणीने रक्तस्राव कमी होतो, रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो आणि घरी जातो, काढलेल्या ग्रंथींची संख्या मोठ्या छेदाच्या बरोबरीची असू शकते, आणि जगण्याच्या कालावधीत ठळक तूट दिसत नाही. रुग्ण लवकर सावरण्याचा लाभ येथे केवळ सोयीचा नाही. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर औषधोपचार वेळेवर सुरू होणे हेही जगण्याचे एक कारण असते. ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगानंतर, २०१९ पासून, पित्तमार्गाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर केपसायटाबीन हे औषध देण्याचा प्रघात पडला आहे, आणि जखम लवकर भरली तर ते लवकर सुरू करता येते.

तथापि या पुराव्याची जात ओळखूनच त्यावर भार टाकला पाहिजे. हे बहुतेक अहवाल मागे वळून केलेल्या हिशेबाचे आहेत. त्यांतील रुग्णांची संख्या थोडी आहे. आणि मुख्य म्हणजे दुर्बिणीसाठी निवडलेले रुग्ण मुळातच लवकर सापडलेले, मर्यादित रोगाचे, आसपासच्या अवयवांना न चिकटलेले असे होते. ज्याला सोपा रस्ता दिला त्याने लवकर मजल मारली, यावरून त्याचे पाय अधिक बळकट असे ठरत नाही. चिठ्ठ्या टाकून रुग्णांची दोन गटांत वाटणी करणारा मोठा, निर्णायक प्रयोग या रोगात झालेला नाही, आणि रोग कमी ठिकाणी आढळत असल्याने तो होणे सोपेही नाही.

असा प्रयोग किती महत्त्वाचा असतो हे दुसऱ्या दोन अवयवांनी आपल्याला शिकवले आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही १९९० नंतरच्या दशकात छिद्रांत रोग उगवल्याच्या बातम्यांनी असेच भय पसरले होते. अमेरिकेतील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००४ साली आले, तेव्हा दुर्बिणीतील शस्त्रक्रिया मोठ्या छेदाइतकीच सुरक्षित ठरली आणि भय निराधार ठरले. याउलट गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दुर्बीण वर्षानुवर्षे निःशंकपणे वापरात असता, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण मोठ्या छेदात शेकडा ९६.५, तर दुर्बिणीच्या पद्धतीत शेकडा ८६ दिसले, आणि जगभर ती पद्धत मागे घ्यावी लागली. एका ठिकाणी भय खोटे ठरले, दुसऱ्या ठिकाणी विश्वास खोटा ठरला. पित्ताशय यांपैकी कोणाच्या पंक्तीस बसेल याचा फैसला अनुमानाने करता येत नाही. आणि पेरले जाण्याची या रोगाची खोड पाहता तूर्त सावध राहणे हेच विवेकाचे.

रोबोटविषयी थोडक्यात सांगता येईल. त्याच्या बाहूंना मनगटाप्रमाणे वळता येते, त्यामुळे महावाहिन्यांभोवतीच्या ग्रंथी सोडवणे आणि पित्तनलिकेला टाका घालणे सोपे जाते. पडद्यावर हिरवे चमकणारे रंगद्रव्य शिरेतून देऊन पित्तनलिका चमकावण्याची सोयही त्याला लाभली आहे. परंतु ते त्याच विद्येचे अधिक कुशल हात आहेत. त्याने प्रश्नाचे स्वरूप बदलत नाही, केवळ खर्च वाढतो, आणि म्हणून त्याचा विचार ज्या संस्थांकडे तो आधीच आहे त्यांनीच करावा हे उचित.

७

या सर्वांचा मिळून जो निवाडा निघतो तो आता मांडतो. पोटात रोग पसरला आहे काय हे पाहण्यासाठी दुर्बीण वापरावी, आणि मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तिला वगळू नये. पिशवीची भिंत जाड दिसते, सेंटीमीटरहून मोठा मांसल उंचवटा आहे, किंवा यकृताशी सीमा पुसट झाली आहे, अशा रुग्णाची साध्या खड्यांप्रमाणे दुर्बिणीतून पिशवी काढू नये; अशी भिंत कधी कधी केवळ जुनाट दाहाचीही असते, पण तो निर्णय ज्या केंद्रात यकृतासह शस्त्रक्रिया होऊ शकते तेथेच व्हावा. व्यापक शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करावयाची असेल तर ती लवकर सापडलेल्या, आसपास न चिकटलेल्या रोगापुरती, यकृताच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या हातांनी आणि परिणामांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत करावी. रोग पित्तनलिकेत उतरला असेल, कावीळ झाली असेल किंवा आतड्याला चिकटला असेल तर मोठा छेद हाच प्रशस्त. आणि कोणत्याही पद्धतीत, काहीही झाले तरी, पिशवी फाटू देऊ नये. पिशवी वाचवणे कठीण दिसले तर दुर्बीण सोडून छेद घेण्यात शस्त्रवैद्याची हार नाही.

परंतु या निवाड्याचा बहुतांश भाग मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांना लागू पडतो, आणि हा रोग बहुधा तेथे सुरू होत नाही. तो सुरू होतो एखाद्या गावात, जेवणानंतर उजव्या कुशीत दुखते असे म्हणत वर्षानुवर्षे घरचे औषध घेणाऱ्या बाईच्या पोटात. तिची सोनोग्राफी होते, खडे दिसतात, पैसे जमवून शस्त्रक्रिया होते. तिच्या नशिबाचा निर्णय सोलच्या परिषदेत होत नाही. तो त्या छोट्या रुग्णालयात, सोनोग्राफी करणाऱ्याने भिंतीची जाडी लिहिली की नाही, शस्त्रवैद्याने थैली वापरली की नाही आणि पिशवी तपासणीस गेली की नाही, एवढ्या तीन गोष्टींवर होतो. चिली देशाने २००६ च्या सुमारास ३५ ते ४९ वर्षे वयाच्या, खडे असलेल्या लोकांची पिशवी रोग होण्यापूर्वीच काढण्याची हमी आपल्या आरोग्यव्यवस्थेत घातली. तेथील रोगाचे प्रमाण पाहता तो मार्ग त्या देशाने निवडला. आपल्याला तितके दूर जाण्याची गरज नाही, पण फॉर्मॅलिनची बाटली आणि अहवालाचा कागद यांची हमी आपण प्रत्येक रुग्णाला देऊ शकतो.

त्या तबकातील पिशवीकडे मी पुन्हा वळतो. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांनी खडे अवश्य पाहावेत आणि डबीत घालून घरीही न्यावेत. फक्त त्यांनी त्याच वेळी परिचारिकेला विचारावे की पिशवी फाटली नाही ना, आणि ती तपासणीला जाणार आहे ना. ज्या घरात हे दोन प्रश्न विचारले जातील, त्या घरातील बाईच्या पोटातला रोग दुर्बिणीला चुकला तरी कागदाला चुकणार नाही.